उपरण्याखालचा सौदा

मानवजातीला उंच नेणाऱ्या गोष्टी दोनच: एक विज्ञान आणि दुसरं प्रेम. बाकीच्या सगळ्या गोष्टी माणसाला आहे तिथंच ठेवतात. मंचरमध्ये या दोन्ही गोष्टी चांदमलशेठच्या कांद्याच्या वखारीवर, पहिल्या मजल्यावर होत्या, आणि वर जायचा जिना इतका अरुंद होता की एका वेळी एकच माणूस जाऊ शकत असे.

त्या जिन्यावर, दोन हजार चार सालच्या दिवाळीनंतरच्या एका बुधवारी, स्नेहल वरून उतरत होती आणि संपत खालून चढत होता. तिच्या हातात रक्ताच्या नळ्यांचा डबा. त्याच्या मागे त्याचे वडील, वडिलांच्या मागे ओतूरची एक म्हातारी आणि म्हातारीच्या मागे तिची पिशवी. जिन्याच्या मध्यावर दोघं थांबले. त्यानं वर पाहिलं, तिनं खाली पाहिलं... आणि मागं कुणीच सरलं नाही.

"अहो," तो म्हणाला, "आम्ही चौघांनी खाली जाण्यापरीस तुम्ही एकटीनं वर जाणं सोपं नाही का?"

"चौघं? तिघंच दिसताय."

"पिशवी धरली मी. लई जड हाय ती."

स्नेहल हसली नाही. ती ड्यूटीवर होती. पण ती वळली आणि वर गेली, आणि वर जाताना आपली वेणी नीट आहे का ते तिनं उगाच चाचपून पाहिलं. वेणी नीटच होती. सकाळपासून होती.

पुण्याच्या एका कॅन्सरच्या इस्पितळानं ही माडी कचेरीसाठी आणि दर बुधवारच्या तपासणीसाठी घेतली होती. घेतली म्हणजे चांदमलशेठनं दिली होती, त्यांच्या बायकोचं, जतनबाईंचं दुखणं त्या इस्पितळानं मनापासून पाहिलं म्हणून. खाली बायका कांद्याच्या पाती-मुळ्या कापत आणि तो उग्र दर्प जिन्यानं वर येई. त्यामुळं माडीवर आलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत पाणी असे. ही मोठी सोय होती. कोण कशासाठी रडतंय हे कुणालाच विचारावं लागत नसे.

स्नेहल अवसरी बुद्रुकची. घरी बटाटा आणि दोन म्हशी. पुण्यात शिकून ती या नोकरीला लागली होती. डॉक्टरमॅडम जे सांगत ते लोकांना पुन्हा सांगायचं, लोकांच्या मराठीत, हे तिचं काम. लोक मॅडमपुढं मान हलवत आणि स्नेहलपुढं प्रश्न विचारत.

संपतचे वडील सयाजीअण्णा. वारूळवाडीचे, पण जन्म गेला बेल्ह्याच्या बैलबाजारात दलालीत. तंबाखूनं डावा गाल नासला, तो पुण्याला कापून काढला, वरून किरणांची लाइटही घेऊन झाली. आता ते फक्त उजव्या बाजूनं हसत. पण तेवढ्यात दोन्ही बाजूंचं काम भागवत.

मॅडमनी त्यांना नव्या गोळीच्या अभ्यासात यायचं का, असं विचारलं होतं. स्नेहल समजवायला बसली. गाठ परत येऊ नये म्हणून एक नवी गोळी निघालीय, अण्णा. आधी थोड्या लोकांना देऊन पाहिलं, किती सोसते. मग आणखी थोड्यांना, काही गुण दिसतो का. आता खरा प्रश्न उरलाय, हिचा फायदा खरंच होतो का आपल्याला तसं नुसतं वाटतंय? त्याला शेकड्यानं माणसं लागतात. सगळ्यांचे नेहमीचे उपचार झालेले, सगळ्यांच्या तपासण्या सारख्या. फक्त निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, आत औषध नसलेली. कुणाला कुठली ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो. यायचं नसेल तर येऊ नका, तपासण्या आहेत तशाच चालू राहतील. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर सोडा, कुणी कारण विचारणार नाही.

संपतचं नारायणगावात फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. तो म्हणाला, कंपनीवाले नवं औषध आणतात तेव्हा टोमॅटोच्या एका ओळीवर नुसतं पाणीच मारायला लावतात, तसलंच हे.

"तसलंच," स्नेहल म्हणाली.

"मंग मला पाण्याच्या वळीत घालू नगा," अण्णा म्हणाले.

ते आपल्या हातात नाही, तिनं सांगितलं. त्यावर अण्णा उजव्या बाजूनं हसले. चाळीस वर्षं बाजार केलेल्या माणसाला, एखादी गोष्ट कुणाच्याच हातात नाही, हे पटत नसतं. त्यांनी डोक्याचं उपरणं सोडलं, आपल्या उजव्या हातावर टाकलं आणि तो झाकलेला हात हळूच तिच्यापुढं केला.

बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो. अण्णांचा प्रस्ताव सरळ होता. तोंडानं बोलू नको पोरी, नियम असतील. एक बोट दाबलं तर नवी गोळी, दोन दाबली तर पाणी.

स्नेहलनं हात मांडीवरच ठेवला. "इथं उलटं आहे, अण्णा. बाजारात दोघांना ठाऊक असतं, गर्दीला नसतं. इथं तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही, मॅडमनाही नाही."

"मंग कुणाला ठावं?"

"पुण्यातल्या कॉम्प्युटरला."

अण्णांनी विचार केला. "त्याला बोटं हायेत का?"

नव्हती. मग तिनं त्यांना समजावलं, की जिवावर बेतलं तर त्या एका माणसापुरतं उपरणं लगेच उघडतात, तेवढी सोय आहे. एरवी उघडत नाहीत. नवी गोळी मिळतेय हे तुम्हाला कळलं तर तुम्हाला उद्यापासूनच बरं वाटेल. आणि मला कळलं तर तुम्ही काय सांगताय यापेक्षा मला काय ऐकायचंय तेच मी ऐकेन.

हे शेवटचं वाक्य ती प्रत्येकाला सांगत असे. त्या दिवशी ती ते सांगत असताना संपत तिच्याकडं एकटक पाहत होता, आणि तिनं ते वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं.

अण्णा कागद घरी घेऊन गेले, निम्म्या वारूळवाडीनं तो वाचला, आणि पुढच्या बुधवारी ते सही करून आले.

मग बुधवार सुरू झाले.

माडीवर सगळे स्नेहलला ताई म्हणत. ओतूरची म्हातारी तिच्या आईपेक्षा मोठी, तीही ताई म्हणे. संपत एकटा म्हणत नसे. तो तिला मॅडमही म्हणत नसे. तो नुसतं "अहो" म्हणे, आणि मग जरा थांबे... जणू पुढचा शब्द अजून बाजारात यायचा आहे. हे पहिल्यांदा खुशबूच्या लक्षात आलं. खुशबू चांदमलशेठची नात, तीही याच कामावर होती. "हा तुला ताई का म्हणत नाही गं?" तिनं विचारलं. "आवाज बसलाय का त्याचा?"

तो दर वेळी काहीतरी आणी. एकदा वाटाण्याच्या शेंगा, एकदा सीताफळं, एकदा फडक्यात बांधलेला गरम हुरडा. पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा नियम होता. तिनं तसं सांगितलं. पुढच्या वेळी त्यानं हुरडा सगळ्या माडीवर वाटला आणि शेवटी तिच्यापुढं फडकं धरलं. "आता हे तुम्हाला दिलेलं नाही. हे उरलंय." उरलेलं खायचं नाही असा नियम सापडला नाही.

आणि मिस्ड कॉल. पेशंटच्या कार्डावर एक मोबाइल नंबर होता. काही त्रास झाला तर कधीही फोन करा. मिस्ड कॉल दिलात तरी चालेल, आम्ही उलटा फोन करू. तो मोबाइल स्नेहलकडं असे. पहिल्या मिस्ड कॉलला ती घाबरून अंगणात धावली, कारण अवसरीत धड ऐकू येईल एवढी रेंज फक्त गोठ्याच्या कडेला मिळे.

"अण्णांना काय होतंय?"

"अण्णा झोपलेत."

"मग त्रास कुणाला होतोय?"

फोनमध्ये त्याच्या मागं रातकिडे. "त्रास होतोय... पण तो कार्डावर लिहिलेल्यातला नाय."

तिनं नियमाप्रमाणं विचारलं, मळमळ? नाही. थकवा? नाही. भूक? भूक कमी झालीय म्हणाला, बुधवारी संध्याकाळपासून. तिनं फोन ठेवला. म्हैस तिच्याकडं पाहत होती, आणि म्हशीला सगळं कळलंय असं तिला वाटलं.

मग ते मिस्ड कॉल येत राहिले आणि ती ते उलटे करत राहिली. नियमच होता. पण फोन ठेवल्यावर गोठ्याच्या कडेला उभी राहून ती एकच विचार करी. आपण याला हव्या आहोत, की गोळी? अण्णांनी उपरणं पुढं केलं ते सरळ होतं, बाजारी होतं. मुलानं वाटाणे पुढं केले, हुरडा पुढं केला, आवाज पुढं केला. बापाचा हात उपरण्याखाली होता, मुलाचा कशाखाली आहे? ती रोज लोकांना सांगत होती, की खरं काय आणि वाटणं काय हे वेगळं काढायला अभ्यास लागतो. स्वतःच्या बाबतीत तिच्याकडं नुसतं वाटणंच होतं. ते मात्र लई होतं.

फाल्गुन उतरला, उन्हं तापली. एका बुधवारी अण्णांनी सांगितलं, गोळीनं पोट लई बिघडलंय. स्नेहलनं लिहिलं, थोडं बिघडलंय.

लिहून ती थांबली. अण्णा "लई" म्हणाले होते. दोन्ही कानांनी ऐकलं होतं. पण "लई" लिहिलं तर मॅडम गोळ्या थांबवणार, कदाचित अण्णा अभ्यासच सोडणार, आणि मग बुधवारी जिन्यावर... तिनं मान वर केली. संपत दारात उभा राहून अण्णांचं उपरणं झटकत होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

तिनं "थोडं" वर रेघ मारली, "लई" लिहिलं, शेजारी सही केली आणि उठून मॅडमकडं गेली. सयाजीअण्णांचं काम मला नको, दुसऱ्या कुणाला द्या, म्हणाली. मॅडमनी कारण विचारलं. खालून कांद्याचा दर्प येत होता, त्यामुळं स्नेहलच्या डोळ्यांतल्या पाण्याचा त्यांनी वेगळा अर्थ लावला नाही. किंवा लावला असेल. त्या म्हणाल्या, बरं.

त्या संध्याकाळी मिस्ड कॉल आला. तिनं उलटा केला, शेवटचाच.

"अहो... एक विचारायचं होतं."

"विचारू नका," स्नेहल म्हणाली. "तुम्ही जे काय विचाराल त्याचं उत्तर हा अभ्यास संपेपर्यंत माझ्याकडं नाही."

"कधी संपंल?"

"ठाऊक नाही. पुरेशा लोकांचं काय झालं ते कळेपर्यंत."

म्हैस रवंथ करत होती. पलीकडं त्यानं श्वास घेतला, तो तिला ऐकू आला.

"मग थांबतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं मोबाइल खुशबूकडं दिला.

मॅडमनी अण्णांच्या गोळ्या काही दिवस थांबवल्या, पोट बरं झालं, पुन्हा चालू केल्या. अण्णा अभ्यासात राहिले. स्नेहल मात्र बुधवारी गावोगावच्या पेशंटांकडं जाऊ लागली, घोडेगावला, कळंबला, एसटीच्या खिडकीशी बसून. मंचरच्या चौकात ट्रकांची रांग लागली की एसटी नेमकी चांदमलशेठच्या वखारीसमोर अडकत असे. तिथून जिन्याची खालची पायरी दिसे. ती तिकडं पाहत नसे. पाहत नाही आहोत हे पक्कं करण्यासाठी एकदा पाहून घेई.

आठवड्याच्या बाकी दिवशी ती माडीवरच असे. जिना उतरताना मध्यावर आली की तिचे पाय आपोआप थांबत. खालून कुणीच येत नसे. मग ती उगाच वेणी चाचपे आणि उतरे.

पाऊस आला, गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. नारायणगावचा टोमॅटो दोनदा मातीमोल झाला आणि दोनदा सोन्याचा झाला. घरात स्थळांच्या गोष्टी निघाल्या, तिनं बटाट्याच्या काढणीचं निमित्त सांगितलं, आणि काढणी झाल्यावर लागवडीचं. आई म्हणाली, हिचं लग्न बटाट्याशीच लावू. रात्री जेवणं झाल्यावर ती गोठ्याच्या कडेला जाऊन उभी राही. हातात मोबाइल नसे. रेंज मात्र तिथं चांगली होती.

एकदा तिनं खुशबूला सहज विचारलं. सहज म्हणजे तीन आठवडे तयारी करून. त्या मोबाइलवर मिस्ड कॉल येतात का गं फार?

"ओतूरच्या म्हातारीचे येतात. नातू चुकून दाबतो."

"वारूळवाडीचे?"

खुशबूनं हातातलं काम ठेवलं. तिच्या घरात चार पिढ्या व्यापार होता, समोरच्याला काय हवंय हे तिला तो मागायच्या आधी कळे. "एकही नाही," ती म्हणाली. "आता बघ. फोन तोच. कार्ड तेच. गोळ्या त्याच, आणि त्यांचं गुपित मला जितकं ठाऊक नाही तितकंच तुला ठाऊक नव्हतं. बदललं काय? माणूस. तुला रोज मिस्ड कॉल, मला एक नाही. हुरडासुद्धा नाही. गोळीसाठी करत असता तर मला केला असता ना? तू नकळत दोन गट केलेस, वेडे. काढ आता निष्कर्ष."

स्नेहलनं पुढ्यातली कार्डं उगाच सरळ केली. खुशबूचं म्हणणं पटलं होतं, पण नोकरी ती नोकरी.

"एका पेशंटवरून निष्कर्ष काढत नाहीत," ती म्हणाली.

"मग मर," खुशबू म्हणाली.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात अभ्यास संपला. पुण्यात उपरणं उघडलं. नव्या गोळीनं काही लोकांची गाठ परत यायला उशीर झाला होता. सगळ्यांची नाही, काहींची, आणि तेही थोडा. पेपरात छापायला कमी, पण ज्यांना तो थोडा वेळ मिळाला त्यांना तो कमी नव्हता. कुणाला काय मिळत होतं ते ज्याला त्याला जाऊन सांगायचं होतं. अण्णा मंचरला आले नाहीत, सोमवारचा बाजार आहे म्हणाले. खुशबूला त्या दिवशी अचानक सर्दी झाली. ती सर्दी एरवी कुणाला दिसली नाही, पण बेल्ह्याला स्नेहलला जावं लागलं.

बाजारात धूळ होती, घुंगरं होती, रंगवलेली शिंगं होती. अण्णा एका खिलारी बैलजोडीपाशी उभे होते, आणि त्यांच्या शेजारी संपत. त्यानं तिला दुरूनच पाहिलं. पुढं आला नाही. हातातली वेसण मात्र त्यानं दुसऱ्याच्या हातात दिली.

स्नेहलनं अण्णांना सांगितलं, गोळ्या साध्या होत्या. औषध नसलेल्या.

अण्णांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "म्हंजी मी पाण्याची वळ."

"हो, अण्णा."

"आन् माझं पोट बिघडलं व्हतं ते?"

"ते आंबरसाचं असेल."

अण्णा बैलाची पाठ थोपटत राहिले. तिला वाटलं, आता रागावतील, दोन वर्षं फसवलं म्हणतील. ती घाईनं सांगू लागली, की तुम्ही आणि तुमच्यासारखे त्या ओळीत उभे राहिलात म्हणून कळलं, नाहीतर कुणालाच...

"आगं, कळतंय मला," अण्णा म्हणाले. "पाण्याची वळ नसंल तर फवारल्याचं कवतिक कशाला करायचं? पन गाठ काय परत आली न्हाई बघ. पानीबी बरं व्हतं म्हनायचं." आणि ते उजव्या बाजूनं हसले.

आता तिच्याजवळ कुठलंच गुपित उरलं नव्हतं. कुणाला द्यायला नाही, राखायला नाही. तिच्याकडून मिळण्यासारखं काहीच नाही अशी ती बेल्ह्याच्या धुळीत उभी होती. आणि संपत अजून बैलांपाशीच उभा होता. ती वळली. एसटी गाठायची होती.

"अहो," मागून आवाज आला. "संपला ना अभ्यास?"

"संपला."

"मग आता विचारू?"

भोवतीचे दलाल वळून पाहू लागले होते. त्यांचे कान बाजारात तयार झालेले, एक शब्द सुटत नसे. स्नेहलचा चेहरा कानापर्यंत तापला. इथं? सगळ्यांदेखत? तिला बोलता येईना... आणि त्यालाही.

अण्णांनी दोघांकडं पाहिलं. मग डोक्याचं उपरणं सोडलं, पोराचा उजवा हात धरून पुढं केला आणि त्यावर ते टाकलं. बाजाराचा माणूस. जे तोंडानं होत नाही ते कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

या वेळी स्नेहलनं हात मांडीशी ठेवला नाही.

उपरण्याखाली उबदार होतं, आणि अंधार होता. त्याचा हात खरखरीत, पंपाच्या वंगणाचा वास असलेला. त्यानं एकच बोट दाबलं. अगदी हळू, जणू प्रश्न जड आहे आणि खाली पडायला नको. तिनं त्याचं ते बोट धरलं. मग शेजारचं. मग सगळा हात धरला, आणि सोडलाच नाही.

"कितीला ठरलं, राव?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

बैलानं घुंगरू हलवलं. ऊन चढत होतं. ती दोघं तशीच उभी होती, ती त्याच्याकडं पाहत, तो उपरण्याकडं, आणि उपरणं काही केल्या उघडत नव्हतं.

बऱ्याच वेळानं अण्णा खाकरले.

"जमलं आसंल तर माझं उपरनं द्या बाबांनो," ते म्हणाले. "टक्कल तापलंय."